अमॉर्फस रिबन भट्टीत घालण्याआधी: क्रिस्टलायझेशन ओळखायचं, मोजायचं आणि आवरायचं कसं

ट्रान्सफॉर्मरचा कोअर, म्हणजे अमॉर्फस (काचेसारखी, रवे नसलेली) धातूची रिबन गुंडाळून केलेला गाभा, पिशवीतनं काढून टेबलावर ठेवला तर कडेनं तुकडे पडायला लागले, भडंगाच्या पुडीत तळाला चुरा साठतो तसा चुरा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले एक ओळखीचे मामा आहेत, ट्रान्सफॉर्मरची कामं घेतात, त्यांनी आणला होता. "सर, डिस्प्लेवर तीनशेऐंशीच होतं ओ, मी काय जास्त तापवला नाही," असं तीनदा म्हणाले. खोटं बोलत नव्हते. डिस्प्लेवर खरंच ३८० होतं, पण थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) दाराजवळ, दाराचं पॅकिंग झिजलेलं, आणि कोअर मात्र आत मागच्या भिंतीला, कॉइलच्या तोंडाशी. त्यात टायमर चालला नाही म्हणून दोन तासांच्या ऐवजी भट्टी रात्रभर चालू राहिली. नंतर दुसरं थर्मोकपल कोअरच्या जागेवर लावून बघितलं तर तिथं ४७०.

आता मामांचा पुढचा प्रश्न एकदम बरोबर होता. रिबनच्या डेटाशीटवर क्रिस्टलायझेशन, म्हणजे रवे धरणं, ५१०ला लिहिलंय, मग ४७०ला कसं काय झालं? याचं उत्तर एका वाक्यात देता येतं, की ५१० हा आकडा पाण्याच्या उकळण्यासारखा ठरलेला नसतो, तो किती जोरात तापवलं आणि किती वेळ ठेवलं त्यावर सरकतो. पण नुसतं वाक्य ऐकून भट्टी लावता येत नाही, म्हणून मोजायचं कसं ते सविस्तर लिहितोय. एमएस्सीचं प्रोजेक्ट करणाऱ्यांना पण चालेल आणि मामांसारख्यांना पण.

आधी थोडं डोक्यात बसवून घ्या

लिमलेटची गोळी आठवा. साखरेचा पाक पटकन गार केला की साखरेला रवे धरायला वेळच मिळत नाही आणि काचेसारखी पारदर्शक गोळी मिळते. तीच गोळी पावसाळाभर उघड्या बरणीत राहिली की वरनं पांढरट, रवाळ होते. साखर तीच, फक्त रेणू आता रांगेत बसले. रांगेत बसणं त्यांना मुळातच सोयीचं असतं, आपण गडबडीत गार करून त्यांना अडवून ठेवलेलं असतं.

धातूला असं अडवणं लय अवघड, कारण अणू सुटे असतात आणि झटक्यात रांग धरतात. १९६० साली अमेरिकेत कॅलटेकमध्ये पॉल ड्यूवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनं आणि सिलिकॉनचा रस इतक्या झपाट्यानं गार केला की पहिल्यांदा मिश्रधातूची काच मिळाली. आज जी रिबन मिळते ती फिरत्या तांब्याच्या चाकावर रसाची धार सोडून बनवतात, सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगानं गार होते आणि म्हणूनच जाडी जेमतेम २०-२५ मायक्रॉन असते, त्याहून फार जाड केली तर आतला भाग वेळेत गार होत नाही. शिरोलीच्या फौंड्रीत चिल लावून कास्टिंग गार करणाऱ्यांना आपण लय फास्ट गार करतो असं वाटतं, पण तो वेग इथं बैलगाडीचा.

ट्रान्सफॉर्मरच्या रिबनमध्ये साधारण शंभरातले ७८ अणू लोखंडाचे, १३ बोरॉनचे, ९ सिलिकॉनचे. बोरॉन आणि सिलिकॉन रांग लावू देत नाहीत, लोखंड चुंबकपणा देतं. कणांच्या सीमाच नाहीत म्हणून चुंबकीय भाग सहज सरकतात, रेझिस्टन्स पण जास्त, त्यामुळं साध्या सिलिकॉन स्टीलच्या कोअरपेक्षा नो-लोड लॉस (लोड नसताना वाया जाणारी वीज) साधारण ७० टक्क्यांनी कमी येतो. क्रिस्टल झाले की हे सगळं गेलं.

गरम केल्यावर क्रमानं काय होतं ते बघा. ३००-३५० अंशाला अणू जागच्या जागी जरा सावरून बसतात, गार करताना राहिलेला ताण निघतो, याला रिलॅक्सेशन म्हणतात आणि कोअरवाल्यांना हेच हवं असतं. मग ३९५च्या आसपास क्युरी तापमान, तिथं रिबनचा चुंबकपणा जातो पण रचना काचेचीच राहते. त्याच्यावर गेलं की आधी जवळजवळ निव्वळ लोखंडाचे रवे सुटतात, त्यात थोडं सिलिकॉन विरघळलेलं. उरलेल्या काचेत बोरॉन वाढत जातं आणि मग तिथं लोह-बोराइड तयार होतं. हा दोन टप्प्यांचा प्रकार. काही मिश्रणात दोन्ही रवे हातात हात घालून एकदमच येतात, लोह ८० बोरॉन २० मध्ये तसं होतं, आणि काहींत काच जशीच्या तशी एकाच संयुगात बदलते. आपल्या मिश्रणात यातलं काय होतंय ते कळल्याशिवाय पुढचे आकडे वाचता येत नाहीत.

काम सुरू करताना

रिबन हाताळताना हातमोजे घाला, कड ब्लेडसारखी असते आणि कापल्यावर दोन मिनिटं कळत पण नाही. रिबनची एक बाजू चकचकीत असते, ती हवेकडची, आणि एक जरा मळकट, ती चाकाकडची. मार्करनं बाजू लिहून ठेवा, नंतर उपयोगी पडतं. तुकडे कात्रीनं कापा, ग्राइंडरनं नाही, ग्राइंडरच्या ठिणगीजवळ तापमान कुठं जातं ते सांगता येत नाही. ॲसिटोननं पुसून वाळवा.

एक इशारा इथंच देतो. नवी रिबन १८० अंशात दुमडली तरी तुटत नाही. ॲनील केल्यावर, म्हणजे ताण काढायला तापवून ठेवल्यावर, तुटते. पुष्कळ जण याचा अर्थ लगेच "क्रिस्टल झाले" असा लावतात, मामांनी पण लावला, पण लोखंडाच्या रिबन रव्याचा पत्ता नसताना नुसत्या रिलॅक्सेशननं सुद्धा ठिसूळ होतात. कोअरवाले म्हणूनच आधी गुंडाळतात आणि मग तापवतात. मामांच्या कोअरमध्ये खरंच क्रिस्टल झाले होते, पण ते मला चुऱ्यावरनं नाही, एक्स-रेवरनं कळलं.

डीएससीचं काम, इथं घाई करू नका

डीएससी (डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमीटर) मशीन सॅम्पल आणि रिकामी पॅन दोन्ही एकाच वेगानं तापवतं आणि उष्णतेतला फरक दाखवतं. रवे धरताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळं आलेखात शिखर दिसतं. वस्तूपेक्षा सेटिंगमध्येच चुका जास्त होतात.

१०-१५ मिलिग्रॅम रिबन घ्या, छोटे चपटे तुकडे करून पॅनच्या तळाशी टेकवून बसवा, गुंडाळी करून कोंबू नका नाहीतर तळाशी संपर्क राहत नाही आणि शिखर पसरट येतं. ॲल्युमिनियमची पॅन ६००पर्यंतच वापरा, ॲल्युमिनियम ६६०ला वितळतं आणि मशीनचा सेन्सर गेला की बिल बघवत नाही. त्याच्या वर जायचं असेल तर ॲल्युमिनाची पॅन. आरगॉन चालू ठेवा. कॅलिब्रेशन इंडियम आणि झिंकवर करा, इंडियम १५६.६ला आणि झिंक ४१९.५ला वितळतं, आणि हे प्रत्येक वेगाला वेगळं करा. ४० अंश मिनिटाला या वेगात मशीन मागं पडतं, ५च्या वेगाचं कॅलिब्रेशन तिथं चालत नाही. ही पायरी प्रोजेक्टवाली पोरं हमखास गाळतात.

मग चार सॅम्पल, चार वेग: मिनिटाला ५, १०, २०, ४०. प्रत्येक वेळी नवीन तुकडा. एकदा तापवलेला तुकडा परत तापवला तर शिखर येणारच नाही कारण रवे धरून झालेत, पण तो दुसरा रन फेकू नका, तीच तुमची बेसलाइन, पहिल्यातनं वजा करा. ३९५च्या आसपास बारीकशी पायरी दिसली तर घाबरू नका, ती क्युरी.

आता हिशोब. खालचे आकडे समजा म्हणून घेतलेत, पण अशा मिश्रणाला शोभतील असे घेतलेत. शिखरं आली ५३९, ५५०, ५६१ आणि ५७२ अंशाला. बघा, सॅम्पल एकच, तरी वेग दुप्पट केला की शिखर ११ अंश वर सरकतंय. नुसत्या "क्रिस्टलायझेशन तापमान" या शब्दाला अर्थ नाही तो यामुळं, सोबत वेग लिहिलाच पाहिजे.

१९५७ची किसिंजरची पद्धत वापरायची. सगळी तापमानं केल्व्हिनमध्ये करा, म्हणजे ८१२, ८२३, ८३४, ८४५. प्रत्येकासाठी वेग भागिले तापमानाचा वर्ग, त्याचा नॅचरल लॉग, हा उभ्या अक्षावर. आडव्या अक्षावर एक भागिले तापमान. बिंदू सरळ रेषेत यायला हवेत. टोकाचे दोन धरले तर लॉग -११.७९ आणि -९.७९, फरक २.००. आडवा फरक ०.००००४८१. भागाकार केला की उतार सुमारे ४१,५८०, त्याला ८.३१४नं गुणा, ॲक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे रांग धरायला अणूंना ओलांडावा लागणारा उंबरठा, आली ३४६ किलोज्यूल प्रति मोल.

आणि आता गंमत करा, ८४५च्या जागी ८४४ घालून बघा. उत्तर ३५६च्या पुढं जातं. एका अंशाच्या चुकीनं दहा किलोज्यूल! म्हणून कुणी ३४६.२७ असं दोन दशांशात लिहिलं की मला हसू येतं, आणि कॅलिब्रेशनवर मी एवढा का अडून बसतो ते पण कळलं असेल.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर

एनर्जी हातात आली की भट्टीचा वेळ काढता येतो. शिखराच्या तापमानाला रवे धरायचा वेग म्हणजे उतार गुणिले तापवण्याचा वेग भागिले तापमानाचा वर्ग. १०च्या रनसाठी: ४१,५८० गुणिले सेकंदाला ०.१६७ अंश, भागिले ८२३चा वर्ग, उत्तर सेकंदाला ०.०१०. मग खालच्या तापमानाला तो किती मंदावतो ते त्याच ४१,५८०वरनं काढायचं. साधारण ६३ टक्के काम व्हायला लागणारा वेळ असा येतो: ५१०ला वीसेक मिनिटं, ४८०ला तीन तास, ४७०ला सहा तास, ४५०ला सव्वा दिवस, आणि ३७०ला चार वर्षांच्या वर.

मामा, रात्रभर, ४७०. झालं.

आणि त्याच आकड्यांवरनं हे पण दिसतं की ३७०ला दोन तासांचं ॲनीलिंग निवांत करता येतं, जागा भरपूर आहे. फक्त एक सांभाळा, ३७०चा आकडा मोजलेल्या पट्ट्यापासून फार लांब आहे, तो चार वर्षं म्हणजे घड्याळ लावून चार वर्षं नव्हे. आणि पृष्ठभागावरचे रवे आतल्यापेक्षा आधी येतात, लिमलेटच्या गोळीसारखंच, त्यामुळं खराबी हिशोबाच्या बरीच आधी सुरू होते.

हिशोबावर विश्वास नसेल, आणि नसावाच, तर आयसोथर्मल, म्हणजे एकाच तापमानाला ठेवून, करून बघा. भट्टी ४७०ला स्थिर करा, तुकडे दोन तांब्याच्या पट्ट्यांत दाबून आत सरकवा, अर्धा तास, एक, दोन, चार, आठ तासांनी एकेक काढा. तांब्यामुळं तापमान सारखं राहतं. क्वार्ट्झची नळी आणि आरगॉन असेल तर उत्तम. बाहेर काढल्यावर रिबनवर निळसर-सोनेरी छटा आली असेल तर आत हवा शिरलीय, पोलादाला पाणी देणाऱ्यांना तो रंग लगेच ओळखू येईल. किती टक्के रवे झाले विरुद्ध वेळ असा आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा येतो, आधी सुस्त, मग झपाट्यानं, मग परत सुस्त. त्यावर अव्रामीचं सूत्र बसवतात आणि घातांकावरनं रवे नवीन जन्मतायत की जुनेच वाढतायत याचा अंदाज घेतात. माझं मत विचाराल तर एकट्या घातांकावर गोष्टी रचू नयेत.

रवे खरंच आहेत का: एक्स-रे

काचेच्या रिबनचा एक्स-रे पॅटर्न म्हणजे ४५ अंशाच्या आसपास एकच रुंद टेकडी, आपल्या जोतिबाच्या डोंगरासारखी. रवे आले की त्या टेकडीवर टोक निघतं, कॉपरच्या नळीवर अल्फा लोहाचं (नेहमीच्या लोखंडाच्या रव्याचं) पहिलं ४४.७ला, मग ६५ला, मग ८२.३ला. कॉपरची नळी असेल तर लोखंड स्वतःच चमकून पार्श्वभूमी उंचावतं, त्यामुळं स्कॅन सावकाश लावा, कोबाल्टची नळी मिळाली तर सोन्याहून पिवळं, फक्त तिथं टोकांचे कोन वेगळे येतात. दोन्ही बाजू तपासा, कारण एक्स-रे लोखंडात काही मायक्रॉनच आत जातात आणि एका बाजूला रवे असून दुसरी बाजू स्वच्छ दिसू शकते. ६५चं टोक विचित्र उंच दिसलं तर पृष्ठभागावर एकाच दिशेनं उभे राहिलेले रवे आहेत असं समजा. मामांच्या कोअरमध्ये अगदी हेच होतं, चकचकीत बाजूला.

टोकाच्या रुंदीवरनं रव्याचा आकार निघतो. समजा ४४.७च्या टोकाची अर्ध्या उंचीवरची रुंदी, मशीनची स्वतःची रुंदी वजा करून, ०.८ अंश आली. ती रेडियनमध्ये ०.०१४. शेररचं सूत्र: ०.९ गुणिले ०.१५४ नॅनोमीटर, भागिले ०.०१४ गुणिले कोनाच्या अर्ध्याचा कोसाइन, म्हणजे ०.९२५. उत्तर ११ नॅनोमीटरच्या जवळ. हा आकडा लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

मशीन नसेल तर चुंबक

हा प्रयोग मी पोरांना पहिल्यांदा दाखवतो. क्वार्ट्झच्या नळीत बारीक तारेला रिबनचा तुकडा टांगा, थर्मोकपल त्याला जवळजवळ टेकवून. नळीच्या बाहेर, जरा लांब, चुंबक. निओडिमियमचा चुंबक असेल तर लांबच ठेवा, साध्या ग्रेडचा ८० अंशाच्या पुढं स्वतःच मरतो. सुरुवातीला रिबन चुंबकाकडं झुकलेली असते. हळूहळू तापवा. ४००च्या आसपास ती सोडून देते आणि सरळ लोंबते, क्युरी आलं. तसंच तापवत रहा. काहीच होत नाही, पोरं मोबाईल काढतात, आणि ५००च्या पुढं गेलं की रिबन आपोआप परत चुंबकाकडं झुकते. तापमान वाढतंय आणि चुंबकपणा परत येतोय! कारण आता आत लोखंडाचे रवे तयार झालेत आणि लोखंडाचा चुंबकपणा ७७०पर्यंत टिकतो. गार करून दुसऱ्यांदा तापवा, आता ४००ला ती सोडत नाही.

कोअर वापरणाऱ्याला शेवटी कोअर्सिव्हिटीशी मतलब, म्हणजे चुंबकपणा शून्यावर आणायला किती उलटं क्षेत्र लागतं त्याच्याशी. चांगली ॲनील केलेली रिबन मीटरला काही अँपिअरवर येते, क्रिस्टल झालेली शेकड्यात जाते, कधी हजारात. मोजताना सोलेनॉइड पूर्व-पश्चिम ठेवा. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र मीटरला तीसेक अँपिअर आहे, उत्तर-दक्षिण ठेवलं तर तुम्ही रिबन नाही, पृथ्वी मोजताय.

मुद्दाम रवे पाडायचे असतील तर

इथपर्यंत वाचून रवे म्हणजे वैरीच असं वाटेल, पण तसं नाही. १९८८ला जपानमध्ये हिताची मेटल्सच्या योशिझावा आणि सहकाऱ्यांनी त्याच लोह-सिलिकॉन-बोरॉनमध्ये १ टक्का तांबं आणि ३ टक्के निओबियम घातलं आणि ५५०च्या आसपास तासभर तापवलं. तांब्याचे अणू आधी गोळा होऊन जागोजागी बीज टाकतात, त्यामुळं रवे एकदम असंख्य जन्मतात, आणि निओबियम त्यांना वाढू देत नाही. गुळव्याला विचारा, गूळ रवाळ हवा तर कधी घोटायचं आणि किती ते तो बरोबर सांगेल, तसंच हे. रवे १०-१५ नॅनोमीटरवर थांबतात, म्हणजे आपल्या वरच्या ११सारखे, आणि कोअर्सिव्हिटी मीटरला १ अँपिअरच्या खाली जाते, चुंबकपणाच्या बाबतीत काचेपेक्षाही मऊ. फिनेमेट म्हणतात ते हेच.

कसं काय? रवा इतका बारीक असला की चुंबकपणाला एकेका रव्याची दिशा जाणवतच नाही, सरासरी निघून जाते. हर्झर या शास्त्रज्ञाच्या हिशोबानं या पट्ट्यात कोअर्सिव्हिटी रव्याच्या आकाराच्या सहाव्या घातानं वाढते. रवा दुप्पट झाला तर चौसष्टपट! म्हणून ५५० म्हणजे ५५०च, आणि दुसऱ्या शिखराच्या, म्हणजे बोराइडच्या जवळ फिरकायचं पण नाही.

मोठा कोअर असेल तर आणखी एक घात आहे. रवे धरताना उष्णता सुटते, डीएससीतलं शिखर तेच, पण तिथं १० मिलिग्रॅम होतं आणि इथं किलोंत. आतली उष्णता बाहेर निघत नाही आणि कोअर स्वतःच स्वतःला तापवतो, डिस्प्ले ५५० दाखवतो आणि मध्यभाग बोराइडच्या पट्ट्यात. उपाय साधा आहे, पहिल्या शिखराच्या खाली थोडं थांबा, मग मिनिटाला एखाद-दुसऱ्या अंशानं चढा, आणि थर्मोकपल कोअरच्या पोटात.

मामांनी आता थर्मोकपल मागं नेलंय, दाराला नवीन पॅकिंग लावलंय आणि एक जास्तीचं के टाइप थर्मोकपल कोअरला बांधूनच आत सोडतात. तो बिघडलेला कोअर मात्र काही परत येत नाही, रस करून पुन्हा चाकावर ओतल्याशिवाय त्याची काच होणार नाही. त्याचा चुरा माझ्या ड्रॉवरमध्ये डबीत आहे. नवीन पोरगं आलं की एक्स-रेला त्यातलाच तुकडा देतो, बाजू कुठली ते न सांगता.